परमचे पुरवठादार

बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत मृगाच्या सरी कोठे पडतील आणि कोठे हुलकावणी देतील, याचे अनुमान बांधण्याचे पुष्कळसे काम आज पुण्याला पाषाण येथे, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या महासंगणकावर चालते. आणि त्या यंत्राच्या पोटात कोणत्या कंपनीचा प्रोसेसर बसवावा हा प्रश्न आष्टी-पाटोद्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कितीही परका वाटला, तरी त्याच्या पेरणीपासून तो आता फारसा दूर राहिलेला नाही. या संस्थेत 2018च्या जानेवारीत सुरू झालेला ‘प्रत्यूष’ अमेरिकेतील क्रे कंपनीचा होता आणि त्यात इंटेलचे प्रोसेसर होते. 2024च्या सप्टेंबरात आलेला ‘अर्क’ फ्रान्समधील एव्हिडेन कंपनीचा असून त्यात इंटेलची जुनी प्रतिस्पर्धी एएमडी हिचे प्रोसेसर आहेत. पूर्वी पृथ्वीचा पृष्ठभाग 12 किलोमीटरच्या चौकोनांत विभागून गणित होई. 2025च्या मे महिन्यात सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये ते चौकोन 6 किलोमीटरांचे झाले. बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 10,700 चौरस किलोमीटर धरले, तर जेथे पूर्वी सगळ्या जिल्ह्याच्या वाट्याला पाऊणशेच्या आसपास चौकोन येत, तेथे आता सुमारे तीनशे येतात. बालाघाटाच्या माथ्यावरचा पाऊस आणि त्याच्या पायथ्याची उघडीप यांना एकाच आकड्यात कोंबण्याची सक्ती तेवढ्या प्रमाणात सैल झाली.

पुरवठादार बदलणे म्हणजे अधिक वेगाचा आणि कमी दराचा माल निवडणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. प्रोसेसरला हुकूम कोणत्या सांकेतिक भाषेत द्यायचे याचा एक ठरलेला आज्ञासंच प्रत्येक घराण्यात असतो, आणि वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या आज्ञावल्या अखेर त्या भाषेत उतरवूनच यंत्रापुढे ठेवाव्या लागतात. निजामाच्या अमदानीत बीडच्या तहसिलीचे दफ्तर उर्दूत चाले. 1948 साली संस्थान गेले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, तरी जुन्या नोंदी त्या कागदांतच राहिल्या, आणि 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू होताच उर्दू व मोडी वाचणाऱ्या जाणकारांची शोधाशोध करण्याची पाळी सरकारवर आली. संगणकाचा प्रोसेसर बदलणाऱ्याची अडचण याच जातीची असते: नवा अंमलदार कितीही तडफदार असो, मागच्या अमदानीचे कागद त्याला वाचता येत नसतील, तर त्याच्या तडफेचा उपयोग नाही.

इंटेल आणि एएमडी यांच्या बाबतीत ही अडचण उद्भवत नाही, कारण दोघींचा आज्ञासंच मुळात एक; आणि तो एक का, याची हकीकत मोठी मासलेवाईक आहे. 1981 साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा प्रोसेसरसाठी एकट्या इंटेलवर विसंबून राहणे त्या कंपनीला मान्य नव्हते. दुसरा पुरवठादार असलाच पाहिजे असा तिचा आग्रह होता, आणि त्या आग्रहापोटी 1982 साली इंटेलने एएमडीशी करार केला. पुढे दोघींत दीर्घकाळ कोर्टकज्जे झाले, परंतु 2003 साली त्या आज्ञासंचाचा 64 बिटांचा विस्तार एएमडीनेच आधी बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी तो इंटेलला पत्करावा लागला. भाषा अशी सामाईक असूनही डेलसारख्या बलाढ्य संगणक-उत्पादकाला एएमडीचा माल स्वीकारण्यास 2006 साल उजाडावे लागले. तांत्रिक कारणांपलीकडे येथे हिशेबाच्या वहीचाही हात होता: इंटेलकडून मिळणाऱ्या रकमांबाबत भागधारकांना पुरती माहिती दिली नाही, या आरोपाचे प्रकरण डेलने 2010 साली अमेरिकेच्या रोखे-नियामकाकडे 10 कोटी डॉलर भरून मिटवले.

हवामानाच्या गणितात मात्र समान भाषाही पुरत नाही. संगणक अपूर्णांक ठराविक अंकांपर्यंतच जपतो आणि पुढचे तोडतो. हे तोडणे गुणाकारानंतर एकदा व बेरजेनंतर पुन्हा एकदा करायचे, की दोन्ही क्रिया संपल्यावर एकदाच, हे प्रोसेसरवर आणि आज्ञावली उतरवून देणाऱ्या कम्पायलरवर अवलंबून असते. फरक पडतो तो शेवटच्या अंकात, आणि जमाखर्चात तो कोणी मनावरही घेणार नाही. परंतु एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1961 साली आपल्या संगणकावरील हवामानाचे एक गणित मधूनच पुन्हा चालवताना 0.506127 ऐवजी 0.506 एवढाच आकडा भरला आणि थोड्याच अवधीत दोन्ही उत्तरांची वाट संपूर्ण वेगळी झाली, तेव्हापासून वातावरणाच्या समीकरणांत क्षुद्र असे काही नसते हे जगाला कळून चुकले. म्हणून अशा संस्थेने प्रोसेसर बदलला की उत्तर जुन्या उत्तराशी अंकाअंकाने जुळत नाही, आणि ते जुळावे असा हट्ट धरण्यात अर्थही नसतो. होऊन गेलेल्या ऋतूंचे गणित नव्या यंत्रावर पुन्हा मांडून, आलेला फरक वातावरणाच्या स्वाभाविक चंचलतेत सामावतो की यंत्राच्या दोषाकडे बोट दाखवतो, याची रुजवात घालावी लागते. यंत्राच्या उद्घाटनाच्या छायाचित्रात हे काम कधी दिसत नाही.

आज्ञासंचच बदलण्याचा प्रसंग जिच्यावर पुनःपुन्हा आला, ती संस्थाही पुण्याचीच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला क्रे महासंगणक नाकारला. त्यानंतर 1988 साली प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन होऊन अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्याकडे तिची धुरा आली आणि महासंगणक देशातच उभारण्यासाठी तीन वर्षांची मुदत ठरली. एवढ्या मुदतीत प्रोसेसर घरी घडवणे अशक्य होते. भटकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर निवडला, आणि त्या घडीला ही निवड अतिशय चाणाक्ष होती: एकट्याचे सामर्थ्य बेताचे असले तरी शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे त्या प्रोसेसरच्या अंगातच होते, त्यामुळे अनेकांची फौज उभी करून एकच गणित वाटून देणे सुकर होई. 1990 साली झुरिकच्या प्रदर्शनात नमुना चमकला, 1991 साली ‘परम 8000’ सिद्ध झाला. 256 ट्रान्सप्युटरांच्या यंत्राची कागदोपत्री क्षमता सेकंदाला एक अब्ज क्रियांची होती. प्रत्यक्षात टिकून मिळणारा वेग तिच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाएवढा. महासंगणकांच्या जाहिरातीतील पहिला आकडा नेहमी या भिंगातून पाहावा.

लवकरच असे ध्यानात आले की ज्याच्या भरवशावर हे सगळे उभारले तो पुरवठादारच मागे पडत आहे. इनमॉसची मालकी ब्रिटिश सरकारकडून एका कंपनीकडे आणि 1989 साली एसजीएस-थॉमसनकडे गेली होती. पुढच्या पिढीचा, टी-9000 नावाचा ट्रान्सप्युटर 1991 साली घोषित झाला, पण तो रखडतच गेला. सी-डॅकपुढे दोनच मार्ग होते: वाट पाहणे, किंवा प्रतिस्पर्ध्याच्या दारी जाणे. त्यांनी काढलेली तोड मला फार मार्मिक वाटते. ‘परम 8600’मध्ये गणिताचे ओझे इंटेलच्या आय-860 या प्रोसेसरवर टाकले, आणि त्या प्रत्येकाच्या सोबतीला चार ट्रान्सप्युटर दळणवळणासाठी तसेच ठेवले, शिवाय ‘परस’ नावाची स्वतःची आज्ञावली-व्यवस्था दोन्ही यंत्रांना सारखीच दिल्यामुळे जुन्या यंत्रासाठी लिहिलेले काम नव्यावर नेता येई.

येथून पुढे बदल हाच नेम झाला. 1994च्या ‘परम 9000’ची बांधणीच अशी केली की नवे प्रोसेसर सहज सामावता यावेत, त्याच्या आवृत्त्यांत सन कंपनीचेही प्रोसेसर बसले आणि डिजिटल कंपनीचा अल्फाही बसला. ‘परम 10000’मध्ये सन, ‘पद्म’मध्ये आयबीएम, 2008च्या ‘युवा’मध्ये पुन्हा इंटेल, 2020च्या ‘सिद्धी’मध्ये एएमडी आणि एन्व्हिडिया. या यादीतील पुरवठादारांचे नशीब पाहिले की त्या बांधणीची किंमत कळते: इंटेलने आय-860 सोडून दिला, डिजिटल 1998 साली कॉम्पॅकने घेतली, सन 2010 साली ओरॅकलच्या पोटात गेली. प्रोसेसर परदेशी म्हणून परमला स्वदेशी म्हणू नये, असा आक्षेप पूर्वीही घेतला जाई आणि आजही घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो, कारण प्रोसेसरांना जोडणारे जाळे आणि त्यांच्यावर चालणारी व्यवस्था ही दोन्ही आपली असल्यामुळेच पुरवठादारामागून पुरवठादार बदलूनही परम बंद पडला नाही.

उरलेल्या अर्ध्या आक्षेपाला उत्तर म्हणून सी-डॅकने ‘ओम्’ नावाचा 96 गाभ्यांचा प्रोसेसर स्वतः रचावयास घेतला आहे. त्याचे गाभे केंब्रिजच्या आर्म कंपनीकडून परवान्याने घेतलेले आहेत आणि तो घडवला जायचा तो तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात, म्हणजे पुरवठादार येथेही आहेतच. ते एक पायरी खाली गेले एवढेच. ज्याच्या आज्ञासंचाला परवान्याचे मोल पडत नाही अशा रिस्क-फाइव्ह घराण्याचे ‘वेगा’ प्रोसेसरही याच संस्थेच्या तिरुवनंतपुरमच्या शाखेत रचले गेले आहेत. मात्र ते लहान उपकरणांसाठी आहेत, आणि मोसमी पावसाचे गणित पेलण्याइतकी ताकद त्यांच्या अंगी अद्याप आलेली नाही.