बाटलीवरचा दुसरा आकडा

गगनबावड्याहून करूळ घाट उतरला की वैभववाडी, आणि पुढे तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग. दीड टनाची गाडी या उतारावर ५०० मीटर खाली आली असं धरलं, तर ७३ लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. तेवढ्यात ३० अंशांचं २५ लिटर पाणी उकळेल! काही वाटा हवा आणि गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन उचलतं, बाकी सगळी ब्रेकवर. न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग इंजिनाचा वाटाही ब्रेकवरच टाकतात.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. तो उकळला की वाफ होते, वाफ सहज दाबली जाते आणि पेडल थेट खाली. (पेडल कडक, तरी गाडी थांबत नाही, तर दोष तापलेल्या पॅडचा.) थंड झाल्यावर वाफेचा बहुतेक भाग पुन्हा द्रव होतो आणि गॅरेजमध्ये मेकॅनिकला काहीच सापडत नाही.

वेगवान गाडीचे हौशी बाटलीवरचा उत्कलनबिंदूचा मोठा आकडा बघून ऑइल घेतात. रेसिंगची काही ऑइल्स ३०० अंशांच्याही पुढे उकळतात. पण तो आकडा नव्या, कोरड्या ऑइलचा. ग्लायकॉल ईथरचं हे मिश्रण पावसाळ्यातल्या मिठासारखं ओल धरतं, रबरी होजमधूनसुद्धा. म्हणून ३.७ टक्के पाणी मिसळलेल्या ऑइलचा ‘वेट’ उत्कलनबिंदू वेगळा मोजतात. डॉट ३ दर्जाच्या ऑइलसाठी किमान कोरडा २०५, वेट १४०, डॉट ४ साठी २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. शर्यतवाले ऑइल सतत बदलत राहतात, त्यांना पहिला आकडा पुरतो. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या सिंधुदुर्गात दुसराच बघावा.

माझी पसंती डॉट ५.१ ला, किंवा वेट आकडा २०० च्या आसपास असलेल्या चांगल्या डॉट ४ ला. अर्थात गाडीच्या पुस्तिकेची संमती हवी. डॉट ५.१ थंडीतही पातळ राहतं, त्यामुळे एबीएसच्या बारीक झडपांतून लवकर सरकतं. घाटात जोरात चालवणाऱ्यांनी ते दरवर्षी, पावसाळा सरला की बदलावं.

डॉट ५ मात्र वेगळं प्रकरण. ते सिलिकोनचं. ओल शोषत नाही हे खरं, पण आत शिरलेलं पाणी त्यात मिसळत नाही. खाली कॅलिपरमध्ये साचतं, गंज धरवतं आणि शंभरीच्या आसपास उकळतं. ग्लायकॉलच्या ऑइलशी त्याचं जमत नाही आणि एबीएसच्या गाडीत ते सहसा चालत नाही.

बाटली अर्ध्या लिटरचीच घ्यावी. उघडून महिनोन्‌महिने फळीवर ठेवलेलं ऑइल ब्रेकमध्ये घालू नये. ब्रेकमधली हवा काढताना थेंब बॉनेटवर पडला तर लगेच पाणी ओता, रंग उचलतो.