पहिले अठ्ठावीस दिवस

दिवाळी सरली म्हणजे आपल्या वेदगंगेच्या कांठीं ऊंसतोडीस आरंभ होतो. बीडकडून व मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात, फडांच्या कडेला कोप्या पडतात, आणि पुढें चार-पांच महिने आपल्या गारगोटीच्या आसपास एक दुसरीच वस्ती नांदूं लागते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा ऊंस हींच माणसें तोडतात.

गेल्या हंगामांत शाळा सुटल्यावर त्या वाटेनें जात असतां आम्ही एका कोपीपुढें थांबलों. बैलगाडीखालीं लुगड्याची झोळी बांधली होती व तींत एक मुलगी निजली होती. वय बारा दिवसांचें. तिची आई डोक्यावरची मोळी टाकून नुकतीच आली होती. "बाई, इतक्या लवकर कामास कां लागलांत?" असें आम्हीं विचारलें. "उचल घेतलीय गुरुजी, बसून कसं भागंल?" एवढेंच ती म्हणाली. उचल म्हणजे हंगामापूर्वीं मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात, त्या जोडीनें ती रक्कम अंगमेहनतीनें फेडावयाची असते, आणि खाडा झाला तर दंड पडतो. आमच्या विषयाचा बहुतेक भाग त्या माउलीच्या उत्तरांतच आला आहे.

जन्मापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या बाळास 'नवजात' म्हणतात. इ. स. २०२० च्या सरकारी पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत दर हजार जन्मांमागें १६ बालकें वर्षाच्या आंत दगावलीं. त्यांपैकीं ११ ह्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच गेलीं. हीं बालकें कांहीं अद्‌भुत रोगांनीं मरत नाहींत. अपुऱ्या दिवसांचा जन्म व कमी वजन, जन्मतांच श्वास न घेणें, आणि जंतुदोष हींच मुख्य कारणें. अडीच किलोपेक्षां कमी वजनाचें बाळ घ्या. त्याच्या अंगावर चरबी थोडी, आणि देहाच्या मानानें कातडीचा विस्तार फार. म्हणून त्याची ऊब भरभर निघून जाते. गारठलेलें बाळ दूध ओढीत नाहीं, दूध न मिळाल्यानें अशक्त होतें, आणि अशक्त देहांत जंतूंचें फावतें. आदल्या दिवशीं दूध पिणारें बाळ आज ओढीत नाहीं, रडणें क्षीण झालें आहे, हातपाय गार लागतात, किंवा तें मिनिटास साठ वा अधिक वेळां श्वास घेतें, असें दिसतांच दवाखाना गांठावा. दृष्ट काढीत बसल्यास तेवढ्या वेळांत बाळ हातचें जातें.

आतां, बाळ कमी वजनाचें कां जन्मतें? आईचें पोषण अपुरें, रक्त कमी, पोटांत बाळ असतां भार उचलणें चालूच, आणि विश्रांति नाहीं, म्हणून. म्हणजे आपल्या समाजांतील उंच-नीच, सधन-निर्धन हा भेद बाळाच्या पाठीस त्याच्या जन्मापूर्वींच लागतो.

हें नवें नव्हे. इ. स. १९२१ सालीं मुंबईंत बालमृत्यूंची मोजदाद खोल्यांच्या संख्येप्रमाणें झाली होती. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागें ८२८ अर्भकें वर्षाच्या आंत मेलीं. दोन खोल्यांच्या घरांत ३२२, तीन खोल्यांच्या घरांत १९१, आणि चार किंवा अधिक खोल्या असलेल्यांत १३३. पहिला आंकडा मात्र जसाच्या तसा घेऊं नये. गिरणीकामगारांच्या पुष्कळ बायका बाळंतपणास कोंकणांत किंवा देशावर जात व मूल घेऊन परतत; त्यामुळें जन्माची नोंद गांवीं होई व मृत्यूची मुंबईंत. ही वजावट मनांत धरली तरी दोन, तीन व चार खोल्यांचे आंकडे आपली कथा सांगतातच. पुढें इ. स. १९२८ मध्यें मुंबई कायदेकौन्सिलांत गिरणींतील स्त्रियांस बाळंतपणाची सवलत देणारें बिल आलें, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. १९२९ सालीं कायदा झाला. आज नोकरीवाल्या बाईस सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. कोयत्याच्या हिशेबांत रजेचें खातेंच नाहीं.

तथापि दारिद्र्य जाईपर्यंत हात जोडून बसावें लागत नाहीं, हें गडचिरोली जिल्ह्यानें दाखविलें. तेथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं इ. स. १९९३ पासून ३९ गांवांत एक प्रयोग केला. गांवांतीलच थोडेंफार शिकलेल्या बायांस त्यांनीं तयार केलें. बाळाचें वजन करणें, ताप मोजणें, त्यास उबदार ठेवणें, श्वास अडल्यास पिशवीनें हवा देणें, जंतुदोषाचीं चिन्हें ओळखून औषध टोंचणें, हें सारें त्या शिकल्या. आणि मुख्य म्हणजे त्या बाळंतिणीच्या घरीं वारंवार जात. ज्या ४७ गांवांत अशी योजना नव्हती तेथें १९९७-९८ मध्यें हजारीं सुमारें ६० नवजात बालकें दगावलीं. ह्या ३९ गांवांत सुमारें २६. घरें तींच होतीं, गरिबीहि तीच होती. दाराशीं येणारें शहाणें माणूस तेवढें नवें होतें.

ह्याच धर्तीवर इ. स. २०११ पासून आशाताई घरोघर जाऊं लागल्या. दवाखान्यांत जन्मलेल्या बाळास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं त्यांनीं पाहावयाचें. घरीं जन्मलेल्यास पहिल्या दिवशींहि. सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, औषधें व नेण्या-आणण्याचें वाहन फुकट आहे. मग फडावरील बाळ ह्यांतून निसटतें कसें? आशाताईची यादी गांवच्या घरांवरून केलेली असते, आणि कोपीस घरक्रमांक नसतो. आईचें कार्ड तिकडे गांवीं, बाळ इकडे. शंभर वर्षांपूर्वीं मुंबईस जी नोंदीची अडचण होती तीच ही, फक्त वाट उलटी. शिवाय कोपी दर थोड्या आठवड्यांनीं हलते. सातव्या दिवशीं जेथें बाळ होतें तेथें एकविसाव्या दिवशीं नुसतें पाचट असतें.

आईनें बाळास उघड्या छातीशीं, कातडीस कातडी लावून धरावें, हा उपाय कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं इ. स. १९७८ मध्यें सुरू झाला. अगदीं लहान वजनाच्या बाळांवर जन्मतांच तो केल्यास मृत्यु एक चतुर्थांशानें घटतात असें भारतासह पांच देशांतील पाहणींत २०२१ सालीं दिसून आलें. उपाय फुकट खरा. पण त्यासाठीं आई बाळाजवळ बसलेली हवी, आणि फडावर नेमकें तेंच महाग आहे.

नाताळाचा सण ह्याच ऊंसाच्या दिवसांत येतो. मरियाहि दिवस भरत आले असतां सरकारच्या नांवनिशीसाठीं परगांवीं निघाली होती आणि बाळास तिनें गव्हाणींत ठेविलें. देवळांतील गव्हाण आम्ही प्रतिवर्षीं हौसेनें सजवितों. फडाजवळची झोळी मात्र आम्हांस वीस वर्षांत प्रथमच दिसली, हें कबूल करावयास आम्हांस लाज वाटते.

केवळ पैसा आला म्हणजे सर्व होतें असेंहि नाहीं. आपला कोल्हापूर जिल्हा सधन. तरी २००१ च्या शिरगणतींत सहा वर्षांखालील हजार मुलांमागें मुली ८३९ च भरल्या. २०११ सालीं त्या ८६३ झाल्या. ह्याचा विचार पाटाखालच्या शेतांच्या धन्यांनींच अधिक करावयाचा आहे.

यंदा नववीच्या मुलांनीं सुटीच्या दिवशीं हिंडून कोप्या कोठें पडल्या आहेत व कोणत्या कोपींत गरोदर बाई किंवा ओलें मूल आहे ह्याची यादी केली व ती आशाताईंकडे नेऊन दिली. दोन कोप्यांपर्यंत त्या आमच्या मुलांसह चालत गेल्या. एका बाळाचें वजन दोन किलो भरलें. त्यास आईसह गारगोटीच्या ग्रामीण रुग्णालयांत नेलें. पण मुलें शाळेंत असतात आणि टोळ्या वाटेल त्या दिवशीं येतात. तेव्हां ज्यांच्या शेतांत टोळी उतरेल त्या पालकांनीं ती खबर त्याच दिवशीं आपल्या गांवच्या आशाताईस द्यावी, आणि ओली बाळंतीण असेल त्या कोयत्याचा खाडा धरूं नये असें मुकादमास स्वतः सांगावें. धन्याचा शब्द मुकादम सहसा मोडीत नाहीं.