जठरातला कर्करोग हाडात कसा जातो?

तलासरीच्या शेतात भाताचे बी फेकताना काही दाणे बांधालगतच्या कातळावर पडतात. बी तेच, पण खाचरात रोप येते आणि कातळावर दाणा वाळतो. लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली कर्करोगाविषयी हीच उपमा वापरली. स्तनांच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनी चाळल्या. प्लीहेला रक्त भरपूर मिळते, तरी रोग तिथे क्वचितच रुजला होता. यकृतात आणि हाडांत मात्र पुष्कळदा. म्हणजे नुसते बी पोचून भागत नाही, जमीनही मानवावी लागते.

आता जठराकडे वळू. जठरातले रक्त आधी यकृतात जाते. म्हणून तिथून सुटलेल्या कर्कपेशी बहुधा यकृतात किंवा पोटातल्या पडद्यावर अडकतात. हाडापर्यंत पोचतात त्या थोड्याच; यकृत आणि फुप्फुसे ओलांडून त्या मणके, बरगड्या व कमरेच्या हाडांत उतरतात. तिथल्या तांबड्या अस्थिमज्जेत रक्त संथ वाहते.

हाड म्हणजे निर्जीव दगड, असे तुम्हाला वाटते का? तसे नाही. त्यात हाड पोखरणाऱ्या आणि हाड बांधणाऱ्या पेशी जन्मभर राबत असतात. कर्कपेशी स्वतः हाड खात नाहीत. त्या रासायनिक निरोप धाडून पोखरणाऱ्यांना चिथावतात. हाड विरघळले की त्यात साठलेली वाढीची द्रव्ये मोकळी होतात आणि ती कर्कपेशींनाच पोसतात! चोराला घरमालकाच्याच कोठारातून शिधा मिळावा, तसा हा प्रकार. काही रुग्णांत उलट भलत्या जागी नवे हाड साचते, पण तेही ठिसूळच.

क्ष-किरण चित्रात खड्डा दिसायला त्या जागचे ३० ते ५० टक्के क्षार जावे लागतात. त्याआधीच रोग हेरायला टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. नवे हाड जिथे घडत असते, तिथे ते गोळा होते आणि गामा किरणांनी आपला पत्ता सांगते. दर ६ तासांनी ते निम्मे होते; दुसऱ्या दिवशी याच वेळी एक-सोळांश उरते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. डहाणूशेजारचे तारापूरचे अणुवीज केंद्रही त्याच खात्याचे, ही गंमत तुमच्या लक्षात आली असेल.

लावणीत वाकून पाठ दुखली म्हणजे कर्करोग झाला, असे मुळीच नाही. पण जठराच्या कर्करोगाच्या रुग्णाची पाठ रात्री निजल्यावरही ठणकू लागली, तर डॉक्टरांना सांगावे. पायांतले बळ गेले किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जू दबत असेल. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हाडात पोचलेला रोग सहसा समूळ जात नाही. तरीही वेदना पुष्कळ कमी करता येतात. कित्येकदा किरणोपचाराची एकच मात्रा पुरते. आणि अशा रुग्णाच्या ताटात जेवल्याने किंवा त्याची शुश्रूषा केल्याने कर्करोग कुणालाही होत नाही.