पावसाच्या वहीतील तीन कोरी घरे



आपल्या शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात पर्जन्यमापक आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात आठवीचे विद्यार्थी रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजतात आणि वहीत आकडा लिहितात. यंदा ती वही आमच्या टेबलावर आली तेव्हा दोन रविवार आणि राखीची सुटी अशी तीन घरे कोरी दिसली. वही सांभाळणारा विद्यार्थी म्हणाला, "सर, अंदाजाने भरून टाकू का? तीन दिवसांनी काय फरक पडणार?"

प्रश्न त्याने मोकळेपणाने विचारला, याचे आम्हास समाधान वाटले. उत्तर मात्र दोन मिनिटांत देण्यासारखे नव्हते, म्हणून ते या अंकात देत आहोत.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील डोंगरात हबर्ड ब्रूक नावाचे जंगल आहे. तीन हजार हेक्टरांहून मोठ्या या जंगलात १९५५ साली तेथील वनखात्याने संशोधन केंद्र सुरू केले. पुढे १९६३ मध्ये हर्बर्ट बोरमन, जीन लायकेन्स, नोए जॉन्सन व रॉबर्ट पियर्स या चौघा शास्त्रज्ञांनी तेथील परिसंस्थेचा अभ्यास हाती घेतला. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, त्यामुळे आम्ही 'पारिस्थितिकी तंत्र' म्हणत वाढलो. परिसंस्था हा शब्द आम्हास उशिराच भेटला. अर्थ एकच. झाडे, प्राणी, माती, पाणी, हवा आणि या सर्वांमध्ये अखंड चाललेली देवघेव.

ही देवघेव मोजायची कशी? या शास्त्रज्ञांनी घरातल्या जमाखर्चाची रीत वापरली. तेथील खडक इतका घट्ट आहे की पाणी खोल मुरून जात नाही. जे बाष्प होऊन उडत नाही ते ओढ्यातूनच बाहेर पडते. तेव्हा पावसाबरोबर जंगलात जे आले ती जमा आणि ओढ्याबरोबर जे गेले तो खर्च. प्रत्येक लहान ओढ्याच्या तोंडाशी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच असलेला बांध घातला. खाचेतील पाण्याच्या उंचीवरून किती पाणी वाहिले ते कळते. शिवाय दर आठवड्याला पावसाचे व ओढ्याचे पाणी बाटल्यांत भरून तपासायचे. काम साधे, पण न चुकता करण्याचे.

१९६५ च्या हिवाळ्यात एका ओढ्याच्या पाणलोटातील सर्व झाडे तोडून तेथेच पडू दिली आणि पुढील तीन वर्षे औषध फवारून नवी रोपे उगवू दिली नाहीत. ओढ्याचे पाणी वाढले, हे अपेक्षितच होते. परंतु त्यात नायट्रेटचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले, पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेले. कारण असे की पालापाचोळा कुजून जमिनीत नायट्रेट तयार होतच राहते. झाडे असतात तेव्हा मुळे ते शोषून घेतात. मुळेच मेली, तर ते पाण्याबरोबर वाहून जाते आणि जाताना जमिनीतील कॅल्शियमही नेते. म्हणजे जंगल तुटले की लाकडाबरोबर जमिनीचा कसही जातो, हे आकड्यांनी सिद्ध झाले.

दुसरा शोध तर कोणी शोधायला निघालेच नव्हते. पावसाचे पाणी तपासताना ते फार आम्लधर्मी आढळले. स्वच्छ पावसाचा पीएच सुमारे ५.६ असतो, येथे तो ४ च्या जवळपास होता, म्हणजे आम्लता पंचवीस-तीस पट अधिक. आसपास मोठे कारखाने नव्हते. शेकडो किलोमीटर दूर कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांचा धूर वाऱ्याबरोबर येऊन पावसात मिसळत होता. १९७४ मध्ये लायकेन्स व बोरमन यांनी हे प्रसिद्ध केले. पुष्कळ वाद झाला. अखेर १९९० मध्ये अमेरिकेने हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक केला, गंधकाचा धूर कमी झाला आणि पाऊस सुधारू लागला.

येथेच आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे. एखादे वर्ष कोरडे, एखादे ओले. त्यामुळे तीन-चार वर्षांचेच आकडे पाहिले तर आलेखाची रेघ कधी चढलेली दिसते, कधी उतरलेली. खरी दिशा कितीतरी वर्षांची नोंद एकत्र ठेवली तरच दिसते. त्यात कोणी अंदाजाचे आकडे घुसडले असते, तर कारखानदारांना "तुमची वहीच खोटी" म्हणायला जागा मिळाली असती.

पाऊस सुधारला तरी जंगल लगेच सावरले नाही. अनेक दशकांच्या आम्लाने जमिनीतील कॅल्शियम धुऊन नेले होते. म्हणून १९९९ मध्ये एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमयुक्त खनिजाची भुकटी पसरली. पुढील वर्षांत तेथील शुगर मेपलची झाडे अधिक निरोगी झाली. जुन्या नोंदी नसत्या, तर किती कॅल्शियम गेले आणि किती परत द्यावे, हे कळले नसते.

आपल्या देशातही असे काम चालते. तामिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात १९८८ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने ५० हेक्टर जागा आखून घेतली. तेथील एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाला क्रमांक आहे. दुष्काळ, वणवा आणि हत्ती यांच्यामुळे कोणते झाड गेले, कोणते टिकले, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली जाते.

आता आपली वही. ती तीन घरे आम्ही भरू दिली नाहीत. त्यांत 'मोजले नाही' असे लिहिले आणि सुटीनंतरच्या आकड्यापुढे 'एकत्रित पाणी' अशी टीप घातली. कोरे घर ही चूक आहे, पण ती दिसते आणि पुढे सांभाळून घेता येते. खोटा आकडा खऱ्यासारखाच दिसतो, म्हणून तो अधिक वाईट.

पुढील पावसाळ्यापासून रविवार व सुटीच्या दिवसांसाठी शाळेजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांची पाळी लावत आहोत. काम दहा मिनिटांचे आहे. पालकांनी मुलांना वेळेवर पाठवून सहकार्य करावे, ही विनंती. आज आठवीत असलेल्यांना या वहीतून कदाचित काहीच कळणार नाही. पण वीस वर्षांनी माळव्याचा पाऊस बदलला की नाही, असे कोणी विचारील, तेव्हा त्याच्यासमोर ही वही ठेवता आली पाहिजे.

— प्राचार्य