दोन इव्हेंट, एक रविवार!

मोबाइलवर कोऑर्डिनेट्स, पाठीवर सॅक आणि कर्जतच्या रानात कुठेतरी लपलेला एक डबा... जिओकॅशिंगचा रविवार म्हणजे फुल टू धम्माल! पण एकाच रविवारी, एकाच पट्ट्यात दोन-तीन इव्हेंट ठेवायचे म्हटले तर?

सोमवार ते शुक्रवार स्क्रीनसमोर बसून मान आखडलेली, शनिवार झोपेत गेलेला. मग रविवारी पुन्हा त्याच मॉलच्या एसीत कशाला जायचं? सकाळची कर्जत लोकल पकडा, तास-दोन तासांत तुम्ही डोंगरांच्या कुशीत. आणि हातात जिओकॅशिंगचं निमित्त असेल तर नुसती भटकंतीही खजिन्याचा शोध होऊन जाते.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात फ्लॅशबॅक. अमेरिकी सरकार नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. मे 2000च्या सुरुवातीला ही भेसळ बंद झाली. लगेच 3 मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉनमध्ये एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. झाला खेळ सुरू! डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा पुन्हा होता तिथेच ठेवायचा. वेबसाइटवर नोंद केली की तुमच्या खात्यात एक स्मायली जमा.

इव्हेंट हा याच खेळाचा गप्पांचा अड्डा. इथे डबा नसतो, माणसं असतात. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, कमीत कमी अर्धा तास भेट. सर्वांना खुला, फुकट आणि निदान दोन आठवडे आधी जाहीर झालेला. हजेरी लावली की त्याचीही एक स्मायली. आणि खरी गंमत इथूनच सुरू होते!

एक दिवस, तीन स्मायली?

आमच्या ग्रुपने डिसेंबरमधला एक रविवार पक्का केला. लगेच एकाची आयडिया आली. सकाळी कर्जत स्टेशनबाहेर वडापाव इव्हेंट, दुपारी कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याशी डबापार्टी इव्हेंट आणि संध्याकाळी खोपोलीत कटिंग चहा इव्हेंट. माणसं तीच, गप्पा त्याच, स्मायली मात्र तीन! मी म्हटलं, थांबा जरा.

त्यावर एक हुशार लगेच म्हणाला, ‘अरे, नियम 161 मीटरचा आहे. कर्जत ते खोपोली रेल्वेने 15 किलोमीटर. मग प्रॉब्लेम काय?’

प्रॉब्लेम असा की 161 मीटरचा, म्हणजे एक दशांश मैलाचा नियम डब्यांसाठी आहे. दोन डबे याहून जवळ असले तर शोधणाऱ्याचा गोंधळ होतो आणि एकाच झाडीत सगळी गर्दी होते. इव्हेंटला ही मोजपट्टी लागत नाही. तिथे प्रश्न वेगळा विचारतात, येणारी माणसं कोण? वेळेने किंवा जागेने जवळ असलेले कार्यक्रम त्याच माणसांसाठी असतील, तर ते वेगवेगळे इव्हेंट नव्हेतच. एकच इव्हेंट म्हणून टाका, बाकी सगळा दिवसाचा प्रोग्रॅम! प्रत्येक लिस्टिंग प्रसिद्ध होण्याआधी स्वयंसेवक रिव्ह्यूअर तपासतात आणि त्यांच्या नजरेतून अशी पळवाट सहसा सुटत नाही.

मला हा नियम मनापासून पटतो. ऑफिसात एकाच मीटिंगचे तीन भाग करून तीन मीटिंग लावणारा बॉस आपल्याला आवडतो का? मग रविवारी आपणच तसं का करायचं?

मग शेजारचा इव्हेंट चालतो का?

चालतो की! माणसं खरोखर वेगळी असतील तर. आमचं ठरत होतं तेव्हाच कळलं की पुण्याची मंडळी त्याच दिवशी खोपोलीत भेटायच्या विचारात आहेत. मुंबईकर लोकलने कर्जतला उतरणार, पुणेकर एक्स्प्रेसवेने घाट उतरून खोपोलीला. वेगळे रस्ते, वेगळी माणसं. दोन्ही इव्हेंट एकाच वेळी असते तर तक्रारीला जागा नव्हती. पण आमचा सकाळी, त्यांचा संध्याकाळी म्हटल्यावर? आमचे निम्मे लोक खोपोलीची गाडी पकडून तिकडेही टपकले असते. पुन्हा तीच माणसं!

शेवटी मी सरळ फोन केला. पाच मिनिटांत प्रश्न मिटला. आमचा डिसेंबरमध्ये, त्यांचा जानेवारीत. आपल्याकडे हा खेळ खेळणारी मंडळी मुळात मोजकी. एका दिवसात दोन इव्हेंट उरकण्यापेक्षा दोन महिन्यांत दोनदा भेटलेलं काय वाईट?

डोंगर सगळ्यांचा एकच

नियम स्मायलीपुरता असता तर मी इतकं लिहिलं नसतं. पण कर्जत-खालापुरात गर्दीचा हिशोब डोंगरालाही चुकवावा लागतो. पेब असो, कोथळीगड असो की इर्शाळगड, इथल्या कितीतरी वाटा एका वेळी एकच माणूस जाईल एवढ्या. दोन ग्रुप समोरासमोर आले की कुणालातरी दरीच्या बाजूला सरकावं लागतं. धबधब्यांवरची गर्दी आणि बुडून होणारे मृत्यू यामुळे प्रशासनाने पावसाळ्यात इथे अनेकदा बंदीचे आदेश काढलेत. पूर्वी ते कलम 144 खाली निघत, जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात.

आणि इर्शाळवाडी कोण विसरेल? 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या या ठाकर वाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ताच राहिले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, बचाव पथकांना पावसात, अंधारात पायी चढावं लागलं. ही वाट इर्शाळगडावर जाणाऱ्या ट्रेकर्सच्या पायाखालची. इथल्या डोंगरात मदत किती कष्टाने पोहोचते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. म्हणून एकाच उतारावर एकाच दिवशी किती माणसं न्यायची, हा प्रश्न वेबसाइटचा नियम नसता तरी आपण स्वतःला विचारायलाच हवा.

आयोजकांनो, हे लक्षात ठेवा

- तारीख ठरवण्याआधी इव्हेंटचा नकाशा बघा. आसपास कुणाचा इव्हेंट दिसला तर आधी फोन, मग लिस्टिंग.
- येणाऱ्यांची यादी डोळ्यांसमोर आणा. दोन्हीकडे तीच नावं असतील तर एकच इव्हेंट करा.
- भेटीची जागा स्टेशनजवळ किंवा गावात सपाटीवर ठेवा. चढाई ज्याची त्याला हवी तर नंतर.
- रविवार म्हणजे मेगाब्लॉक! मध्य रेल्वेचं वेळापत्रक बघूनच वेळ टाका. खोपोलीच्या गाड्या तशा मोजक्याच, एक चुकली की बसा प्लॅटफॉर्मवर.
- जून ते सप्टेंबर धबधबे आणि कड्यांखालच्या जागा टाळा. बंदीचा आदेश निघालाय का, तेही तपासा.
- डबा ठेवायचा तर जागेच्या मालकाला विचारून. लेण्यांत नाही, तटबंदीच्या दगडांत तर नाहीच नाही.
- गावात चहा-जेवण घ्या, पैसे द्या, कचरा मात्र घरी आणा. 2002 पासून जिओकॅशर्स खास सफाईचे इव्हेंट करतात. पावसाळा संपल्यावर कर्जतच्या एखाद्या धबधब्याखाली असा एक व्हायला काय हरकत आहे?

तुम्ही जिओकॅशिंग खेळत नसाल तरी हरकत नाही. ऑफिसची ट्रेकगँग असो, बाइकर्स असोत की वाढदिवसाची पिकनिक, प्रश्न तोच राहतो. तिथे आणखी कोण येतंय, हे एकदा विचारून बघा. उत्तर ‘अर्धी मुंबई’ असं आलं तर पुढचा रविवार निवडा. डोंगर कुठे पळून जात नाहीत, बॉस!