नौकेवरील किटली

शिडात वारा भरून लहानशी नौका एका कुशीवर कलली तरी तिच्यावरील चूल समतल राहावी, म्हणून ती नौकेच्या लांबीशी समांतर अशा आसावर टांगण्याची तजवीज केलेली असते. परंतु या झुलत्या चुलीची सारी भिस्त आसाखालील वजनावर असल्यामुळे, उंच आणि निमुळती किटली काठोकाठ भरून तिच्यावर चढविली, तर एकंदर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि चूल सावरण्याऐवजी कलंडू पाहते. सबब किटली बसकी, रुंद बुडाची व घट्ट झाकणाची निवडावी, ती अर्धी-पाऊणच भरावी, आणि चुलीच्या कठड्यावरील पकडींत तिचा पक्का बंदोबस्त करावा. खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टील अ‍ॅल्युमिनियमपेक्षा अधिक टिकते.

इंधनाचा हिशेब तर फारच उद्बोधक आहे. एक लिटर पाणी 20 अंश सेल्सिअसवरून 100 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता पुरते, पण तेच पाणी संपूर्णपणे वाफेत घालविण्यास आणखी सुमारे 540 किलोकॅलरी लागतात. म्हणून किटलीची शिट्टी मला चैनीची नव्हे, निकडीची वस्तू वाटते, कारण तिच्यामुळे दुर्मिळ इंधनाचा अपव्यय टळतो आणि कोंदट केबिनमध्ये वाफेचे दव साचत नाही.

चुलीच्या सिलिंडरमधील वायू हवेहून जड असल्याने गळती झाल्यास नौकेच्या तळाशी साठून स्फोटक ठरतो, तेव्हा ज्योत मालविल्यावर सिलिंडरची तोटीही बंद करावी. आणि उकळते पाणी हाती धरलेल्या पेल्यात कदापि ओतू नये. पेला आधी सिंकमध्ये ठेवावा.