मुलांनी ‘नाही’ म्हणावयास शिकावे

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. संतप्त नागरिकांनी रेल्वेमार्ग रोखून धरला आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. शाळांतून कॅमेरे बसवावेत, कर्मचाऱ्यांची पूर्वपीठिका तपासावी, या मागण्यांनी तेव्हा जोर धरला. हे उपाय आवश्यकच आहेत. परंतु कॅमेरा फार तर घडलेले दाखवील. मुलाला तो बोलते करू शकत नाही.

आणि खरा प्रश्न बोलण्याचाच आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी करून २००७ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या परिचयाचे, विश्वासातले होते आणि बहुसंख्य मुलांनी झाल्या प्रकाराची कोणाकडेही वाच्यता केली नव्हती. ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस’ ही आपली परंपरागत ताकीद किती अपुरी आहे, हे यावरून ध्यानात यावे.

मुले बोलत नाहीत, कारण आपणच त्यांना तसे घडविले आहे. मोठ्यांना उलट बोलू नये, पाहुण्यांनी जवळ घेतले तर अंग चोरू नये, हे आपले संस्कार. शरीराच्या काही अवयवांना तर घरात नावच नसते. असते ती केवळ कुजबुज, नाही तर शिवी. ज्याला नाव नाही, त्याविषयी तक्रार तरी कशी करावयाची? र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले, त्याला आता शतक होत आले. तरी हा संकोच सुटलेला नाही. ज्या वर्षी वरील अहवाल आला, त्याच वर्षी महाराष्ट्रात विधिमंडळातील विरोधापुढे शाळांतील लैंगिक शिक्षण थांबविण्यात आले, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा!

अशा शिक्षणाने मुलांची निरागसता नष्ट होईल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु विस्तवाला हात लावू नये हे शिकविताना आपण मुलाला जळिताची वर्णने ऐकवीत नाही. येथेही चार साध्या गोष्टी पुरेशा आहेत: अवयवांची खरी नावे, नकोशा स्पर्शाला, तो कोणाचाही असो, ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार, ‘कोणाला सांगू नकोस’ असे बजावणाऱ्याचे गुपित न पाळणे, आणि झाल्या प्रकारात आपला दोष नाही, ही खात्री. त्याबरोबरच १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही पाठ असावा.

तथापि स्वसंरक्षणाचा सारा भार चार वर्षांच्या जिवावर टाकून मोठ्यांना मोकळे होता येणार नाही. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकास बंधनकारक केले आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. असे असूनही ‘शाळेचे नाव जाईल’ या भयाने प्रकरणे मिटविण्याकडे कल दिसतो. म्हणून हा पाठ आधी शिक्षकांना, मुख्याध्यापकांना आणि पालकांना द्यावयास हवा. धीर एकवटून बोलू पाहणाऱ्या मुलाला ‘गप्प बैस’ असे उत्तर मिळाले, तर ते मूल पुन्हा तोंड उघडेल काय?